पायथन आणि एनव्हीडीए: कानाने शिकणाऱ्याचा अनुभव

मी जन्मापासून अंध, राहायला सांगलीत, विश्रामबागला. प्रोग्रामिंगच्या क्लासमधले सर म्हणाले, "पायथन या भाषेत ओळीआधी जागा सोडाव्या लागतात, तुला त्या कळणार कशा?" म्हणून सी ही दुसरी भाषा घेतली, तिच्यात कोडचा प्रत्येक भाग महिरपी कंसात असतो. महिनाभर ते कंस मोजत होतो. कुठला कंस कुठे बंद झाला हे डोक्यात धरता धरता मूळ गणितच निसटायचं.

शेवटी पायथनच घेतली. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंग सेटिंगमध्ये ओळीआधीची जागा बोलून किंवा सुरांतून सांगायची सोय आहे. मी सूर निवडले. ओळ आत गेली की सूर चढतो, बाहेर आली की उतरतो. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी, संपल्याचं कानालाच कळतं! आणि हा एनव्हीडीए स्वतः बराचसा पायथनमध्येच लिहिलाय, याचं मला फार अप्रूप.

एनव्हीडीएची विरामचिन्हं वाचायची पातळी मात्र 'सर्व' वर ठेवा, नाहीतर एखादं कोलन न ऐकताच निसटतं. सुरुवातीला नोटपॅड आणि कमांड प्रॉम्प्ट पुरे.

माझा पहिला कामाचा प्रोग्राम अठरा ओळींचा. हळदीची पोती, वजन, भाव टाकले की पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, रक्कम येते. बाबांनी ती तीनदा ऐकली.