सहा रविवार, पांढऱ्या सोंगट्या आणि एक चुकलेलं पान

माझी नात सई सहावीत आहे. सांगलीच्या विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्याच्या आत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर बुद्धिबळाचा एक वर्ग चालतो. पांढऱ्या सोंगट्या असताना डावाच्या सुरुवातीला लावायचे सापळे शिकवणारं शिबिर तिथे होतं. सहा रविवार, सकाळी ९ ते साडेअकरा, फी १८०० रुपये, त्यात ३६ पानांची स्पायरल बांधलेली पुस्तिका. सईला गावभागातून स्कूटरवर नेणारी मीच. पालकांना मागच्या बाकावर बसू देतात, म्हणून सहाही रविवार मी बसले. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यामुळे दुसऱ्याचा तास नीट ऐकायची मला सवय आहे. त्या सवयीने जे दिसलं ते लिहिते.

तक्रार आधी सांगते, कारण तिचा फटका आम्हाला बसला.

पुस्तिकेचं अकरावं पान म्हणजे लेगालची मात. लेगाल हा अठराव्या शतकातला पॅरिसचा खेळाडू, नामवंत खेळाडू फिलिडोरचा गुरू. (पटाच्या उभ्या ओळी पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या त्याच्याकडून १ ते ८; जी-४, एफ-३ ही त्यावरून घरांची नावं.) काळ्याने उंट जी-४ वर आणून पांढऱ्याचा एफ-३ चा घोडा वजिरापुढे जखडला आहे, म्हणजे घोडा हलला तर मागचा वजीर माऱ्यात येतो. पांढरा तो घोडा उचलून सरळ ई-५ वरचं प्यादं मारतो आणि वजीर उघडा टाकतो. काळ्याने हावरेपणाने वजीर खाल्ला की उंट एफ-७ वर शह, राजा ई-७, आणि दुसरा घोडा डी-५ वर मात. वजिराशिवाय, दोन घोडे आणि एक उंट अशा तीन हलक्या मोहऱ्यांनी. वर्गातल्या सगळ्या पोरांनी एकदम ‘अरेऽ’ केलं. मीही केलं.

पण पानावर एक अट छापायची राहून गेली होती. काळ्याचा घोडा सी-६ वर असेल तर हा सापळा असा उघड लावता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मध्ये एका शालेय स्पर्धेत सईने तो लावला. तिने ई-५ चं प्यादं मारलं, तर समोरच्या मुलाने वजिराकडे बघितलंसुद्धा नाही. सी-६ च्या घोड्याने तिचा घोडा मारला. तो घोडा ई-५ वर येऊन बसला की जी-४ च्या उंटालाही त्याचा जोर (राखण) मिळतो आणि आपला सी-४ चा उंटही त्याच्या माऱ्यात येतो. एका प्याद्याच्या बदल्यात घोडा गेला तो गेलाच. सई डाव हरली आणि घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

संध्याकाळी तिने स्वतःच पट मांडला. माझे वडील कृष्णाकाठी घाटावर देशी पद्धतीने खेळायचे. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जातं, त्यामुळे सुरुवात सावकाश व्हायची आणि सापळेही निराळे असायचे. पण त्यांची एक गोष्ट दोन्ही खेळांना लागू पडते. ते म्हणायचे, जखडणाऱ्याला आधी ढोसून बघ, तो कुठे पळतो ते कळू दे. म्हणून मी सईला एच-३ चं प्यादं पुढे घ्यायला सांगितलं. उंट एच-५ वर मागे सरला. आता घोड्याने ई-५ मारलं. सी-६ च्या घोड्याने आपला घोडा मारला, तर आपला वजीर एच-५ चा उंट उचलतो, कारण ई-५ वरच्या घोड्याचा जोर एच-५ पर्यंत पोचत नाही. त्या घोड्याने सी-४ चा उंट मारला, तर वजीर बी-५ वर शह देतो आणि पुढच्या चालीला तो घोडाही परत मिळतो. हिशेब केला तर पांढऱ्याचं एक प्यादं जास्त. आणि एच-३ नंतर काळ्याने उंटाने एफ-३ चा घोडाच मारला, तर वजिराने उंट घ्यायचा. सापळा लागला नाही, पण पांढऱ्याकडे दोन्ही उंट राहिले आणि त्याचं काहीही बिघडलं नाही. सई त्या पटासमोरून रात्री दहाला उठली.

पुढच्या रविवारी मी सरांकडे पुस्तिका नेली. काही शिक्षक अशा वेळी म्हणतात, ‘हो हो, ते मी पुढे सांगणारच होतो.’ सर तसं म्हणाले नाहीत. त्यांनी पान बघितलं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “बाई, चूक माझी आहे. तुम्ही पुढे या, तुम्हीच मांडून दाखवा.” मी भिंतीवरच्या लोहचुंबकी पटावर मांडून दाखवलं. नंतर सरांनी अठराही मुलांच्या पुस्तिकेत अकराव्या पानावर स्वतःच्या पेनाने लिहिलं: ‘घोडा सी-६ वर असेल तर आधी एच-३.’ मुलांना ते म्हणाले, “समोरच्याला सापळा दिसला तरी आपली चाल चांगलीच ठरली पाहिजे. तशी नसेल तर तो सापळा खेळू नका.” ते वाक्य सईने पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. त्याच कसोटीवर मी बाकीचं शिबिर तपासलं.

त्या कसोटीवर पहिला रविवार नापास होतो. पहिल्या तासाला चार चालींची मात शिकवली: वजीर एच-५, उंट सी-४, मग एफ-७ वर मात. मुलं खूश होतात, हे मला कळतं. पण काळ्याने जी-६ खेळलं की वजिराला मागे जावं लागतं आणि काळ्याचा घोडा एफ-६ वर ऐटीत बाहेर येतो. वजीर पळतोय, समोरच्याची मोहरी बाहेर पडताहेत, हे सुरुवातीलाच अंगवळणी पडू नये. ती मात ओळखायला आणि चुकवायला शिकवावी, एवढंच. हेही मी सरांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, पहिल्या दिवशी मुलांना पटाची गोडी लागावी लागते. माझं मत बदललं नाही.

दुसऱ्या रविवारचा फेगातेल्लो नावाचा सापळा मात्र चोख होता. इटालियन पद्धतीत (ई-४, घोडा एफ-३, उंट सी-४ अशी सुरुवात) काळ्याने दोन्ही घोडे काढले की आपला घोडा जी-५ वर जातो, एफ-७ वर नजर ठेवून. काळा डी-५ खेळतो, आपण ते प्यादं मारतो, आणि त्याने घोड्याने परत मारलं की आपण घोडा एफ-७ वर सरळ राजाच्या तोंडात देतो. राजाने घोडा घेतला की वजीर एफ-३ वर शह, आणि डी-५ चा घोडा वाचवायचा तर राजाला ई-६ वर, पटाच्या मधोमध यावं लागतं. रोममधल्या पोलेरिओ या खेळाडूच्या नावावर हा डाव १६०० च्या आसपास लागलेला आहे. सरांनी इथे दुसरी बाजूही तेवढीच वेळ देऊन शिकवली. काळ्याने घोड्याने न मारता सी-६ चा घोडा ए-५ वर नेला, तर पांढऱ्याला एक प्यादं मिळतं, पण काळ्याची मोहरी भराभर बाहेर येतात. आणि काळ्याने डी-५ ऐवजी उंट सी-५ वर काढला, तर एफ-७ ची हाव पांढऱ्याच्याच अंगावर येऊ शकते. त्या दिवशी पोरांना गृहपाठ होता तो फक्त काळ्या बाजूचा. मला ते फार आवडलं.

वजिराच्या प्याद्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पुस्तिकेत तीनच पानं आहेत. त्यात एक सापळा सईला एका बैठकीत आला: डी-४, डी-५, सी-४, काळा सी-४ चं प्यादं खातो आणि बी-५ खेळून ते राखायला बघतो. आधी ई-३, मग ए-४, मग बी-५ वर मारामारी, आणि शेवटी वजीर एफ-३. ए-८ चा हत्ती कोपऱ्यात उघडा पडलेला असतो, तो वाचवायचा तर दुसरं मोहरं द्यावं लागतं. इथे पांढऱ्याची प्रत्येक चाल साधी आणि उपयोगाची आहे. असे आणखी हवे होते.

शिबिरातला सर्वांत चांगला तास चौथ्या रविवारी झाला. सरांनी रुय लोपेझ या सुरुवातीतला सापळा घेतला, टाराश या खेळाडूने ड्रेस्डेनला १८९२ साली मार्कोविरुद्ध लावलेला. पांढऱ्याच्या चाली बघा: ई-४, घोडा एफ-३, उंट बी-५, डी-४, घोडा सी-३, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करणं), हत्ती ई-१. एकही चाल फसवी नाही. कुठल्याही मुलाला पहिल्या महिन्यात शिकवाव्यात अशाच. काळाही आपला व्यवस्थित डी-६, उंट डी-७, घोडा एफ-६, उंट ई-७ असा मांडत येतो आणि मग किल्लेकोट करतो. ती चूक. त्याने तिथे डी-४ वर मारामारी करून मध्य सोडायला हवा होता. आता पांढरा सी-६ वर घोडा मारतो, ई-५ वर प्यादी मारली जातात, वजीर जातात, आणि पांढऱ्याचा घोडा ई-५ चं प्यादं उचलतो.

सर इथे थांबले. म्हणाले, काळा ई-४ वर उंट देऊन मारामारी करतो, शेवटी त्याचा घोडा ई-४ वर येऊन बसतो. तो घोडा हत्तीने घ्यायचा का? अठरा हात वर. सईचाही. सरांनी घेऊ दिला. मग काळ्याचा हत्ती डी-१ वर आला: शह, मध्ये हत्ती आणला, त्याने तो मारला, मात. खोलीत आवाज नाही. “आता परत मांडा,” सर म्हणाले, “आणि डी-१ चा रस्ता कोण अडवेल ते शोधा.” सात-आठ मिनिटं गेली. कोपऱ्यात बसणाऱ्या, कधीच न बोलणाऱ्या एका मुलाने सांगितलं, घोडा डी-३. बरोबर. तिथून पुढे उंट जी-५ आणि मग उंट ई-७, हत्ती आणि घोडा एकाच वेळी माऱ्यात. पांढऱ्याला सापळ्यात अडकवणारा सापळा पांढऱ्याच्याच सापळ्यात दडलेला होता, आणि सरांनी तो मुलांच्या हातून घडवून आणला. आयुष्यभर शिकवलेल्या बाईला असा तास बघून काय वाटतं ते तिलाच ठाऊक.

पाचव्या रविवारी कॅरो-कानमधली (ई-४ ला काळा सी-६ ने उत्तर देतो ती सुरुवात) घोड्याची मात घेतली. वजीर ई-२ वर, काळ्याने दुसराही घोडा एफ-६ कडे वळवला की घोडा डी-६ मात, कारण ई-७ चं प्यादं राजापुढे जखडलेलं असतं. जगज्जेत्या अलेखाइनने १९३५ साली पाल्मा दे मायोर्कात हे करून दाखवलं होतं. मात देखणी आहे, पण काळ्याने ई-६ खेळलं तर आपला वजीर आपल्याच उंटाच्या वाटेत उभा राहतो. सरांच्या कसोटीवर मी हा सापळा काठावर पास करते. सहावा रविवार सरावाचे डाव, त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही.

खोली हवेशीर आहे. पट चांगले, रबरी, सोंगट्या जड. घड्याळं मात्र चारच असल्यामुळे वेळ लावून खेळायला मुलांना ताटकळावं लागतं. तासाच्या मध्ये चहा-बिस्किटं मिळत नाहीत, पोरांना डबा द्या. सईने दोनदा भडंग नेलं आणि संपूर्ण बाकाला वाटलं.

सांगलीत बुद्धिबळाचा वर्ग काढणं सोपं नाही, कारण इथे लोक तुलना करतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पोरं घडवली. भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. स्वाती घाटे याच गावच्या, वूमन ग्रँडमास्टर (महिला बुद्धिबळातला मोठा किताब). त्या मापाने हे सहा रविवारांचं लहानसं शिबिर आहे आणि तसंच ते बघावं. ज्या मुलाला चाली येतात, ज्याने निदान पन्नासेक डाव खेळलेत, त्याला जरूर पाठवा. नुकतंच शिकलेल्या मुलाला अजून थांबवा, नाहीतर तो पहिल्या रविवारची मात धरून बसेल.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. पुस्तिका पुन्हा छापणार असं सर म्हणाले होते. हातात आली की आधी अकरावं पान उघडा. तिथे एच-३ नसेल, तर पेन सरांच्या हातात द्या.