स्कॅनगेज टू : पिकअपचा गिअरबॉक्स किती तापला, ते आकड्यात सांगणारी डबी

"ताई, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा तर कायम मधोमध असतो. मग एवढे डॉलर घालून वेगळं यंत्र कशाला?" डेन्व्हरच्या आमच्या मराठी मंडळींत सेकंडहँड डिझेल पिकअप घेणारे वाढलेत आणि माझ्या ट्रकमध्ये बसलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. फोनवर तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

माझा ट्रक फोर्ड एफ-२५०. ६.७ लिटरचं पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिन आणि ६आर१४० हा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. उन्हाळ्यात मागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून आम्ही आय-७० महामार्गाने डोंगरात जातो. चालवते मी आणि शेजारी बसून नवरा आकडे वाचतो. ही वाटणी आम्हाला दोघांनाही आवडते.

स्कॅनगेज टू म्हणजे तळहातावर मावेल एवढी डबी. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणारं, सॉकेट असतं, त्यात तिची वायर खोचायची. वीजही तिथूनच मिळते आणि माहितीही. गिअरबॉक्सला भोक पाडायचं नाही, नवा सेन्सर बसवायचा नाही. पडद्यावर एका वेळी चार आकडे दिसतात आणि कुठला आकडा कुठे हवा ते आपण शेजारच्या बटणाने ठरवतो. किंमत साधारण दीडशे ते पावणेदोनशे डॉलर.

आता त्या मधोमध असलेल्या काट्याबद्दल. आजच्या बऱ्याच गाड्यांत काटा थेट सेन्सरच्या इशाऱ्यावर हलत नाही, मध्ये संगणक असतो. तापमान नेहमीच्या पट्ट्यात आहे तोवर काटा जागचा हलू नये, अशीच त्याची आखणी असते. नाहीतर प्रत्येक चढावर लोक घाबरून गाडी बाजूला घेतील. रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांना ते ठीकच आहे. पण मागे चार टनांचं घर ओढताना १९५ अंश आणि २१५ अंश यांतला फरक मला कळायलाच हवा, आणि काट्यासाठी दोन्ही 'मधोमध'च. काटा पिवळ्या पट्ट्यात शिरेपर्यंत वेळेत काही करायची संधी बरीचशी निघून गेलेली असते. (सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये देतेय, इथे तेच चालतं. २०० फॅरनहाइट म्हणजे साधारण ९३ सेल्सिअस.)

आकडा दिसायला लागला की पहिल्याच आठवड्यात सगळे घाबरतात. "ताई, रिकाम्या ट्रकला १९८ दाखवतंय, बिघडलंय का?" बिघडलेलं नाही. जुन्या वर्कशॉपमध्ये एक तक्ता टांगलेला असायचा: १७५ च्या वर दर २० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. तो तक्ता जुन्या तेलांचा आणि जुन्या गिअरबॉक्सचा. ६.७ पॉवरस्ट्रोकमध्ये इंजिनाच्या मुख्य कूलंटखेरीज (कूलंट म्हणजे थंड ठेवणारा द्रव) कमी तापमानाचं दुसरं कूलंटचक्र असतं आणि गिअरबॉक्सचं तेल त्यावर थंड होतं. ६आर१४० मध्ये मर्कॉन एलव्ही हे पातळ तेल असतं आणि हा गिअरबॉक्स मुळातच दोनशेच्या आसपास चालावा असा बांधलेला आहे. उलट शेवरोले-जीएमसीच्या ड्युरामॅक्स डिझेलबरोबर २०१९ पर्यंत येणारा सहा गिअरचा अ‍ॅलिसन १००० गिअरबॉक्स रिकामा चालताना याहून बराच थंड असतो. म्हणून अ‍ॅलिसनवाल्या मित्राचा आकडा ऐकून आपल्या फोर्डची काळजी करू नका. आपला ट्रक रिकामा असताना, सपाट रस्त्यावर, अर्धा तास चालल्यावर किती दाखवतो, तो आपला पाया. पुढचं सगळं त्याच्यावरून मोजायचं.

मी ज्या पट्ट्यांवर चालते ते असे. पायापासून २२० पर्यंत निवांत. २२० च्या वर गेला की वेग कमी करायचा आणि टो-हॉल मोड (वजन ओढतानाची गिअरबॉक्सची सेटिंग) चालू आहे ना, ते बघायचं. २३० च्या पुढे सरकायला लागला की पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं, गाडी पार्कमध्ये टाकायची, पण इंजिन चालूच ठेवायचं. इंजिन बंद केलं की गिअरबॉक्सचा पंपही थांबतो आणि गरम तेल आहे तिथेच साचून राहतं. तेल कूलरमधून फिरत राहिलं तरच उष्णता बाहेर पडते. २४० च्या वर मी आकडा जाऊच देत नाही.

पण नुसता आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. मी या डबीवर खरी खूश आहे ती चार आकडे शेजारीशेजारी दिसतात म्हणून. माझ्या पडद्यावर गिअरबॉक्सचं तापमान, कूलंटचं तापमान, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि वेग असतात.

डिलनहून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढणारा रस्ता घ्या. जवळपास आठ मैलांचा, सात टक्क्यांपर्यंतचा चढ आणि वरचं टोक समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून जास्त. हवा विरळ, त्यामुळे रेडिएटरमधून उष्णताही कमी निघते. इथे माझा आकडा दोनशेच्या जवळून निघतो, हळूहळू २१२-२१५ पर्यंत जातो आणि तिथे बसतो. हे बसणं महत्त्वाचं. बसला, म्हणजे जेवढी उष्णता तयार होतेय तेवढी कूलर बाहेर टाकतोय. चढ तोच, वेग तोच आणि तरीही आकडा न थांबता चढत असेल, तर तो २१० वर असला तरी मी सावध होते.

उष्णता कुठून येते, ते आरपीएमवर दिसतं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो लॉक नसतो तेव्हा ताकद तेलातून जाते, तेल घुसळलं जातं आणि तापतं. लॉक झाला की जोड पक्का होतो आणि ही घुसळण थांबते. वेग तोच, गिअर तोच आणि आरपीएम थोडे एकदम खाली बसले, तर समजा लॉक झाला. चढावर वेग इतका पडला की लॉक सुटतोय, असं दिसलं तर जबरदस्तीने वरच्या गिअरमध्ये रेटू नका. खालचा गिअर घ्या, आरपीएम वाढू द्या, पंख्याचा आवाज होऊ द्या. इंजिन ओरडतं आणि गिअरबॉक्सचा आकडा खाली येतो. हे एकदा पडद्यावर बघितलं की टो-हॉल मोड का गिअर धरून ठेवतो, ते समजावून सांगावं लागत नाही.

लोकांना सगळ्यात नवल वाटतं ते कॅम्पग्राउंडवर. घाट चढताना २१५ च्या पुढे न गेलेला आकडा, कॅम्पर चढावरच्या खडीच्या जागेत मागे घेताना मिनिटामिनिटाला वर सरकतो. वेग नाही, कन्व्हर्टर लॉक नाही, वजन पूर्ण आणि समोरून हवाही नाही. इथे मी फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा सर्वांत खालचा टप्पा, लावते. गिअरचं प्रमाण बदललं की कन्व्हर्टरवरचा भार उतरतो आणि आकडा थबकतो. मात्र हे खडीवर किंवा मातीवरच करा. कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये तीव्र वळण घेतलं तर चाकं अडखळतात आणि सगळा ताण गाडीच्या सांध्यांवर येतो.

गिअरबॉक्स आणि कूलंट दोन्ही आकडे एकदम चढले, तर मी पुढच्या बाजूला बघते: रेडिएटरमध्ये किडे, गवत, कापूस अडकलाय का, पंखा चालू होतोय का. गिअरबॉक्स एकटाच चढला आणि तोही सपाट रस्त्यावर, तर प्रश्न तेलाची पातळी, कूलर किंवा लॉक न होणारा कन्व्हर्टर यांचा. मेकॅनिककडे "गाडी गरम होते" असं सांगत जाण्यापेक्षा "ताशी पासष्ट मैलांच्या वेगाला, सपाटीवर, कूलंट १९५ आणि गिअरबॉक्स २२५" असं सांगितलं की त्याची चौकशी योग्य ठिकाणाहून सुरू होते.

हिवाळ्यातही डबी उपयोगी आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. जानेवारीच्या सकाळी आकडा शंभराच्या खाली असतो, गिअर जड पडतात, कन्व्हर्टर लॉक व्हायला वेळ घेतो. तेव्हा मी ट्रेलर लगेच जोरात ओढत नाही, आकडा वर येईपर्यंत सावकाश जाते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डबी ट्रकच्या स्वतःच्या सेन्सरचाच आकडा दाखवते, आणि तो गिअरबॉक्सच्या आतल्या, खालच्या तेलाचा असतो. कन्व्हर्टरमधून नुकतंच बाहेर पडलेलं तेल त्याहून बरंच गरम असू शकतं. कुणी कूलरच्या गरम नळीवर वेगळा गेज बसवला असेल तर त्याचा आकडा जास्तच येणार. तुलना करण्याआधी सेन्सर कुठे आहे ते विचारा.

गिअरबॉक्सचं तापमान तयार यादीतून निवडता येत नाही, ते एक्सगेज म्हणून, म्हणजे आपण स्वतः कोड देऊन, भरावं लागतं. त्याचे रकाने असे: टीएक्सडी, आरएक्सएफ, आरएक्सडी, एमटीएच आणि शेवटी नाव. ही अक्षरं-आकड्यांची लांब माळ बटणं दाबून एकेक करत भरायची. कंपनीकडे गाडीनुसार कोड मिळतात. घरी, निवांत बसून भरा आणि कोडचा फोटो फोनमध्ये ठेवा. पडदा छोटा आहे, आलेख नाहीत. रंग मात्र हवा तो लावता येतो आणि रात्री डोळ्यांवर येत नाही.

फोनवर काम भागवायचं असेल तर फोर्डसाठी फोरस्कॅन अ‍ॅप उत्तम आहे, ब्लूटूथचा चांगला अडॅप्टर घेतला तर. स्वस्तातला एक बिननावाचा अडॅप्टर मी आधी वापरला, त्याची जोडणी ऐन चढावर तुटायची, आणि काचेजवळ उन्हात फोन गिअरबॉक्सच्या आधी तापायचा.

ज्यांच्या ट्रकमध्ये आकडा आधीच दिसतो त्यांनी पैसे वाचवा. रॅम पिकअपच्या पडद्यावर मेनूत शोधा, ड्युरामॅक्सच्या बऱ्याच गाड्यांत तर गेजवरच अंश छापलेले असतात. फक्त काटा असलेला ट्रक आणि मागे ओढायला वजन, असं असेल तर मात्र नवे टायर-रिम घेण्याआधी ही डबी घ्या. मी ती स्टिअरिंगच्या उजवीकडे, डॅशच्या कडेला चिकटवली आहे. तिथून नवऱ्यालाही मान न वळवता वाचता येते.