डेबियनवर एक्सएफसीई ४.२०: सुट्या भागांचा डेस्कटॉप

डेबियन या लिनक्स प्रणालीची किमान स्थापना केली की समोर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ एवढेच असते. त्यावर ग्राफिकल डेस्कटॉप चढवण्यासाठी ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एलएक्सक्यूटी असे कितीतरी पर्याय उपलब्ध आहेत. हे परीक्षण एक्सएफसीईचे आहे, आणि तेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये मिळणाऱ्या ४.२० या आवृत्तीचे. एक्सएफसीईचे नाव निघाले की सर्वप्रथम त्याच्या हलकेपणाचे कौतुक होते आणि ते खोटेही नाही, कारण लॉगिननंतर मेमरीचा वापर सहसा एक जीबीच्या आतच राहतो. मला मात्र त्याचा सुटेपणा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या बहुतेक सोयी आणि बहुतेक गैरसोयी तिथूनच येतात.

खिडक्यांच्या चौकटी काढणारा एक्सएफडब्ल्यूएम, पॅनेल, डेस्कटॉपची पार्श्वभूमी सांभाळणारा प्रोग्रॅम, थुनार हा फाइल व्यवस्थापक आणि सेटिंग्ज साठवणारा एक्सएफकॉन्फ हे सगळे स्वतंत्र प्रोग्रॅम असून सत्र व्यवस्थापक त्यांना लॉगिनच्या वेळी एकत्र आणतो. टास्कसेल या डेबियनच्या संच निवडण्याच्या साधनातून एक्सएफसीईचा तयार संच निवडल्यास ही रचना जाणवतही नाही: लाइटडीएमचा लॉगिन पडदा, फायरफॉक्स, लिबरऑफिस असे सारे काही येते आणि संगणक पुन्हा सुरू केला की काम सुरू करता येते. ज्याला लिबरऑफिस नको आहे किंवा ज्याची डिस्क लहान आहे, तो मात्र शिफारस केलेली पॅकेजेस वगळून केवळ मूळ पॅकेज बसवू पाहतो, आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. डेबियनने पडद्यावर चित्र उमटवणारा खुद्द एक्स सर्व्हरही या पॅकेजच्या शिफारशींमध्येच ठेवला असल्यामुळे शिफारशी सरसकट गाळल्यास डेस्कटॉप बसतो, परंतु तो दाखवणारे काही नसते. एक्स सर्व्हर वेगळा बसवल्यानंतरही नोटिफिकेशन दिसत नाहीत, नेटवर्कचे चिन्ह पॅनेलवर येत नाही आणि बाहेरच्या डिस्क फाइल व्यवस्थापकाला दाखवणाऱ्या जीव्हीएफएसचे आवश्यक भाग नसतील तर पेनड्राइव्ह लावूनही थुनारच्या बाजूच्या पट्टीत तो उमटत नाही. देवनागरीचे फॉन्ट नसतील तर मजकुराच्या जागी चौकोन दिसतात, तेही लगेच बसवून घ्यावेत. यांपैकी कोणतीही गोष्ट अवघड नाही. अडचण अशी की नेमके काय राहून गेले आहे हे डेस्कटॉप स्वतःहून सांगत नाही.

एकदा जोडणी पूर्ण झाली की हाच सुटेपणा उपयोगी पडू लागतो. पॅनेल अडकले तर तेवढेच बंद करून पुन्हा सुरू करता येते आणि उघड्या खिडक्यांना धक्का लागत नाही. सेटिंग्ज वापरकर्त्याच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये साध्या एक्सएमएल फायलींत राहतात, त्यामुळे त्यांची प्रत ठेवणे किंवा दुसऱ्या संगणकावर नेणे सोपे जाते. फक्त सत्र चालू असताना त्या फायली हाताने बदलू नयेत, कारण एक्सएफकॉन्फ त्यांवर आपली माहिती पुन्हा लिहू शकतो. थुनार तर या संचातील सर्वोत्तम भाग म्हणावा लागेल. ४.१८ या आवृत्तीपासून त्यात एफ३ कळीने खिडकीचे दोन भाग करता येतात, चुकून हलवलेली फाइल कंट्रोल-झेडने मूळ जागी परत आणता येते आणि उपफोल्डरांतही शोध घेता येतो. एकाच वेळी अनेक फायलींची नावे बदलण्याचे साधन त्यात त्याआधीपासूनच आहे.

दिसण्याच्या बाबतीत मात्र पूर्वनिर्धारित रूप जुनाट वाटते, आणि खिडकीची कड इतकी बारीक असते की ती माउसने पकडणे कंटाळवाणे होते. यावर उपाय म्हणजे ऑल्ट कळ दाबून उजव्या बटणाने खिडकी ओढणे. ही सवय लागली की कडेची आठवणही राहत नाही. अधिक घनतेच्या पडद्यांवर अनुभव आणखी उणा ठरतो. खिडक्यांचे प्रमाण सरळ दुप्पट करता येते, पण मधले प्रमाण डिस्प्ले सेटिंगमधून निवडल्यास अक्षरांची धार जाते. त्यापेक्षा फॉन्टचा डीपीआय (प्रति इंच बिंदूंची संख्या) ९६ वरून १२० च्या आसपास नेणे चांगले. वेगवेगळ्या घनतेचे दोन पडदे एकत्र वापरणाऱ्यांनी सरळ प्लाझ्माकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑलिव्हिए फुर्दां यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कधीच घाईत नसतो: ४.१२ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि खिडक्या आणि बटणे काढणाऱ्या जीटीके ३ या साधनसंचावर आणलेली ४.१४ थेट २०१९ मध्ये. रोजच्या कामासाठी ही संथ गती मला सोयीची वाटते, कारण अद्यतनानंतर मेनू आणि सवयी जागच्या जागी राहतात. एक्स सर्व्हरच्या जुन्या एक्स११ व्यवस्थेची जागा घेणाऱ्या वेलँडच्या बाबतीत मात्र तिची किंमत मोजावी लागते. डिसेंबर २०२४ मधील ४.२० ने पॅनेल, थुनार आदी बहुतेक भाग वेलँडवर चालण्याजोगे केले, पण एक्सएफडब्ल्यूएम अजून तिथे पोहोचलेला नसल्यामुळे लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर यांसारखा परका कंपोझिटर, म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, सोबत घ्यावा लागतो आणि हे सत्र अधिकृतपणेही प्रायोगिकच मानले जाते. उत्सुकता म्हणून ते जरूर पाहावे, परंतु लॉगिनच्या पडद्यावर निवड एक्स११ सत्राचीच ठेवावी.