प्रॉपिलीन ग्लायकॉल घेताना सावध: ड्रम खरा, आतला माल खोटा

पालघर जिल्ह्यातल्या एका लहान सिरपच्या कारखान्यात मी खरेदी बघतो. आमचा बराचसा माल मर्चंट एक्सपोर्टरमार्फत, म्हणजे दुसऱ्याचा माल घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत, आफ्रिकेत जातो. एका दलालाने प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या (सिरपमध्ये औषध विरघळवायला वापरतात तो द्रव) नावाखाली आमच्या गळ्यात काय मारलं ते सविस्तर लिहितोय, कारण तो किंवा त्याचा भाऊबंद उद्या तुमच्याही दारात येईल.

नेहमीच्या पुरवठादाराकडे माल नव्हता आणि शिपमेंटची तारीख डोक्यावर आली होती. मस्जिद बंदरमधल्या ओळखीतून हा माणूस भेटला. भाव बाजारापेक्षा थोडासाच कमी; फार कमी असता तर कुणीही बिचकलं असतं. निम्मे पैसे आगाऊ दिले. भिवंडीच्या गोदामातून २१५ किलोचे ड्रम आले. नामांकित कंपनीचं लेबल, सील शाबूत, सोबत सीओए, म्हणजे त्या बॅचचा उत्पादकाने दिलेला तपासणी दाखला. कागदात खोट काढायला जागा नव्हती.

आमच्या क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, मॅडम मात्र प्रत्येक ड्रमचा नमुना वेगळा काढतात आणि जीसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लावतात. गाडीत पुढे ठेवलेले ड्रम चोख निघाले. मागच्यांमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, म्हणजे मूत्रपिंडं निकामी करणारं औद्योगिक रसायन, आणि तेही ०.१० टक्क्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. रंग नाही, वास नाही, चव गोडसर, त्यामुळे डोळ्यांना आणि नाकाला काहीच कळत नाही. दोन-चार ड्रमचे नमुने काढून भागवणाऱ्या कारखान्यात हा माल सहज पास झाला असता. कंपनीला थेट मेल केला तेव्हा कळलं की बॅच नंबर खरा आहे, पण ती बॅच केव्हाच दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून संपली. म्हणजे रिकामे ड्रम भंगारातून उचललेले आणि जुनी सीओए तारीख बदलून छापलेली.

फोन केला तर दलाल म्हणाला, "अहो साहेब, एक्सपोर्टचाच माल ना? तिकडे कोण तपासतंय?"

गांबियात खरंच कोणी तपासलं नव्हतं. २०२२ मध्ये तिथे सुमारे ७० मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. सिरप भारतातून गेलेलं. त्या देशाकडे औषध तपासायची स्वतःची प्रयोगशाळाच नव्हती. त्याच वर्षी उझबेकिस्तानातही तेच झालं. आणि आपण मुंबईकरांनी तरी याचं नवल करू नये: १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात असंच भेसळीचं ग्लिसरीन पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले होते, त्यावर लेंटिन आयोग बसला होता.

असं काही झालं की प्रत्येक जण आपल्या हातातला कागद पुढे करतो. दलाल सीओए दाखवतो, कारखाना दलालाचं बिल, एक्सपोर्टर कारखान्याचा रिपोर्ट, आणि घेणारा देश आपल्या सरकारचा दाखला. माझ्या मते बाटलीवर ज्याचा उत्पादन परवाना क्रमांक छापलाय, जबाबदारी त्याची. १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली, ते बरंच झालं. पण २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं गेली ती देशातच विकल्या गेलेल्या सिरपने. तिथे ही अट लागूच नव्हती.

खरी फसवणूक पुढे होती. दलाल पैसे परत द्यायला एका पायावर तयार झाला. अट एवढीच की ड्रम जसेच्या तसे परत द्यायचे. मालकांना मी म्हटलं, हेच ड्रम पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या टाकीत जातील. आम्ही ड्रम सील करून ठेवले आणि अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवलं. त्या दिवसापासून दलालाचा फोन बंद. जीएसटी नंबरवरच्या पत्त्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आगाऊ रक्कम बुडाली.

दलालाकडून घेणं टाळता येत नसेल, तर गाडी उतरवण्याआधी बॅच नंबर उत्पादकाकडून थेट पडताळून घ्या, आणि मेलचा पत्ता सीओएवरून नको, कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. आगाऊ पैसे मागितले तर रिपोर्ट आल्यावर देऊ म्हणा. स्वतःचे रिकामे ड्रम भंगारात घालताना लेबल खरवडून काढा आणि बुडाला भोक पाडा. आम्ही आता पाडतो. भंगारवाला कुरकुरतो, किलोमागे भाव कमी देतो.