सी ट्राउटसाठी १० फुटी, ७ नंबरचा रॉड: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

मागच्या वर्षी ९ फुटी, ८ नंबरचा कडक फ्लाय-फिशिंगचा रॉड घेऊन सी ट्राउट या माशाच्या मागे लागलो होतो. गळाला ११ मासे लागले, हाती आले ४. बाकीचे सुटले, आणि बहुतेक सगळे पहिल्या अर्ध्या मिनिटात. गळ बदलून पाहिले, गाठी बदलून पाहिल्या, काही फरक पडला नाही. यंदा रॉडच बदलला. १० फूट लांब, ७ नंबर, टोकापासून मधल्या भागापर्यंत सावकाश वाकणारा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत ३४ रात्री आणि सात-आठ दिवस तो हातात होता. २६ मासे लागले, त्यातले १९ जाळीत आले. दोन्ही वर्षांचं पाणी सारखं नव्हतं आणि माझा हातही थोडा सुधारला असेल, तरी हा फरक मुख्यतः रॉडचा आहे याबद्दल मला शंका नाही.

रॉडच्या ब्रँडचं नाव देत नाही, कारण याच मापाचे आणि याच चालीचे रॉड बरेच जण बनवतात. निवडताना चाल, म्हणजे रॉड कुठून आणि किती वाकतो ते पाहायचं, आणि ती का पाहायची हे मासा समजून घेतल्याशिवाय कळत नाही.

सी ट्राउट आणि नदीतला ब्राउन ट्राउट ही जात एकच, साल्मो ट्रुटा. काही पिल्लं नदीतच राहतात, काही दोन-तीन वर्षांनी चंदेरी होऊन समुद्रात उतरतात, तिथे भरपूर खाऊन अंडी घालायला नदीत परततात. वेल्समध्ये यालाच सिउइन म्हणतात. परतलेला मासा नदीत जवळजवळ खात नाही. दिवसा डोहात, झाडांच्या सावलीत निपचित पडून राहतो आणि अंधार पडला की हलायला लागतो. काठावरचं पाऊल, पाण्यावर पडलेली सावली, क्षणभर चमकलेला दिवा, एवढ्यानेही तो बिथरतो. म्हणून या माशासाठी गळ टाकण्याची वेळ रात्र. शिवाय त्याच्या तोंडाची कातडी पातळ असते. गळ हाडात रुतला तर ठीक, कातडीत रुतला तर एका झटक्यात फाटून निघतो. त्यात हा मासा लागल्या लागल्या पाण्याबाहेर उड्या घेतो.

कडक रॉड इथेच घात करतो. मासा उडी मारून मान झटकतो तो सगळा धक्का थेट गळावर जातो. नरम रॉड तो धक्का आपल्या वाकण्यात जिरवतो. माझ्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट अशी की अंधारात मासा कधी लागणार हे दिसत नाही, त्यामुळे हात नेहमी जरा जास्तच जोरात उचलला जातो. कडक रॉडवर ती चूक महागात पडायची. या रॉडवर तीच चूक केली तरी बहुतेक वेळा मासा टिकला.

लांबीबद्दल. ९ फुटांऐवजी १० फूट घेताना मनगट दुखेल अशी भीती होती. पहिल्या तीन-चार रात्री दुखलंही, नंतर सवय झाली. जास्तीच्या एका फुटाचा फायदा लाइन फेकण्यापेक्षा ती पाण्यावर सांभाळताना होतो. मधल्या जोरदार धारेच्या वरून लाइन उचलून पलीकडच्या संथ पाण्यात ठेवता येते, आणि मागे उंच गवत असलं तरी फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेलं नकली आमिष, त्यात अडकत नाही. पण झाडांची छत असलेली अगदी अरुंद नदी असेल तर साडेनऊ फूटच बरा.

आता लाइन. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे पैसे इथेच सर्वांत जास्त वाया जातात, म्हणून जरा सविस्तर. रॉडवरचा ७ हा आकडा लाइनच्या वजनाशी जोडलेला असतो. ७ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १८५ ग्रेन, म्हणजे साधारण १२ ग्रॅम. रात्री आपण फार लांब फेकत नाही. माझे बहुतेक मासे १२ ते १५ मीटरवर लागले. म्हणजे रॉड पुरेसा वाकायला हवा तो याच अंतरावर. काही आधुनिक रॉड इतके कडक असतात की त्यांना नीट वाकवायला एक नंबर जास्तीची लाइन लावावी लागते. हा रॉड ७ नंबरच्या साध्या वेट-फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या भागात वजन असलेल्या, लाइनवर व्यवस्थित चालतो. विकत घेण्याआधी एवढं तपासाच: नेमून दिलेली लाइन लावून, डोळे मिटून १२ मीटरवर चार-पाच वेळा फेकून पाहा. लाइन परत येताना रॉडचा भार हातात जाणवला पाहिजे. जाणवत नसेल तर अंधारात तुम्हाला काहीच कळणार नाही.

मी मुख्यतः दोन लाइन वापरल्या. संध्याकाळ सरल्यापासून मध्यरात्रीपर्यंत तरंगती, त्यानंतर इंटरमीजिएट, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाखाली अगदी सावकाश बुडणारी. पूर्ण बुडणारी लाइन घेऊन ठेवली होती, ती फक्त दोन रात्री लागली, त्याही ऑगस्टमधल्या थंड रात्री. पहिल्याच वर्षी तीन लाइन घ्यायची गरज नाही. एकच घ्यायची असेल तर तरंगतीच घ्या आणि तिच्या टोकाला लावायचा सावकाश बुडणारा लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक धागा, जवळ ठेवा.

एक छोटी युक्ती, जिने माझी सगळ्यात जास्त मदत केली. लाइनवर १३ मीटरच्या ठिकाणी बारीक दोऱ्याचे काही वेढे घट्ट बांधून वर वार्निशचा थेंब लावला. अंधारात लाइन ओढताना तो खडबडीतपणा बोटाला लागला की कळतं, आता एवढीच लाइन बाहेर आहे. समोरच्या काठावरच्या फांद्यांत फ्लाय अडकणं त्या दिवसापासून जवळजवळ बंद झालं.

रीलवर फार बोलण्यासारखं नाही. १०० मीटर बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे जोडलेला जास्तीचा बारीक दोरा, मावेल असं, हलकं आणि मोठ्या गाभ्याचं. मासा लाइन ओढतो तेव्हा रीलचा रोध एकसारखा सुटला पाहिजे, अडखळत सुटला की गळ तोंडातून फाटून निघतो. सगळ्यात मोठा मासा, साधारण ३ किलोचा, ४० मीटर खाली पळाला तेव्हा रील एकदाही अडकलं नाही. रीलचा कर्रर आवाज मात्र मला आता लागतोच. काळोखात मासा किती वेगाने चालला आहे हे आवाजावरूनच समजतं.

लीडरसाठी रात्री बारीक नायलॉनची गरज नाही. १० पौंडी नायलॉन, तरंगत्या लाइनला साधारण ९ फूट, बुडणाऱ्या लाइनला जेमतेम ५ फूट. एकाच वेळी दोन फ्लाय बांधणं मी सोडून दिलं, कारण अंधारात दुसरी फ्लाय कशात तरी गुंततेच. दर दहा-पंधरा फेकींनंतर लीडर बोटांमधून सरकवून पाहतो. वाऱ्याने पडलेली बारीक गाठ डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. अशाच एका गाठीवर जुलैत एक चांगला मासा तुटून गेला, तेव्हापासून हा नियम एकदाही मोडलेला नाही.

फ्लायच्या डब्यात गर्दी नको. संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात सिल्व्हर स्टोट्स टेल, ८ किंवा १० नंबरच्या गळावर. अंधार घट्ट झाला की टील, ब्लू अँड सिल्व्हर. मध्यरात्रीनंतर इंटरमीजिएट लाइनवर स्नेक फ्लाय, सात-आठ सेंटीमीटर लांब, जिचा गळ मागच्या टोकाला असतो, त्यामुळे नुसतं शेपूट चावून सोडणारे मासेही लागतात. आणि उबदार, ढगाळ, अगदी निवांत रात्री पाण्यावर रेघ काढत जाणारी तरंगती सरफेस लूर. तिच्यावर मासा येतो तेव्हा होणारा आवाज ऐकून छाती धडधडायला लागते, आणि तेव्हाच हात आवरायचा असतो. आवाज ऐकून रॉड उचललात तर मासा गेला. लाइन जड होईपर्यंत थांबायचं. सगळ्या गळांचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून टाकला आहे. मासा सोडायला सोपं जातं, आणि अंधारात तो गळ स्वतःच्या कानात रुतला तरी काढता येतो. डोळे वाचवायला मात्र रात्रीही बिनरंगी काचांचा चष्मा घालाच.

घाई ही या शिकारीतली सर्वांत मोठी चूक आहे. उत्तरेकडच्या नद्यांवर जून-जुलैत खरा अंधार पडायला अकरा वाजतात. उजेड असताना डोहात उतरलं की मासे सावध होतात आणि मग रात्रभर हात हलवत बसावं लागतं. समोरच्या काठावरच्या गवताचा हिरवा रंग दिसेनासा झाला की मी उतरतो. साडेबारा-एकच्या सुमारास बऱ्याचदा सगळं थंडावतं. तेव्हा काठावर बसून लाइन बदलायची, गाठी नव्याने बांधायच्या. पाण्यावर धुकं उतरलं तर मात्र मला आजवर फारसं यश आलेलं नाही.

दिवा लाल उजेडाचा घ्या आणि तो लावताना पाण्याकडे पाठ करा. वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायचा जलरोधक पोशाख, घामाची वाफ बाहेर सोडणारे, टेकायला काठी, आणि पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारं जॅकेट. यात काटकसर करू नका. ज्या डोहात रात्री उतरायचं तो दिवसा पायाखाली घालून पाहा, कुठे खडक, कुठे शेवाळलेले गोटे, कुठे एकदम खोल जातं ते. एकदाच मी हे करायचं टाळलं आणि कमरेपर्यंतच्या पाण्यात पाय घसरला. काठी होती म्हणून सावरलो.

जाळी मोठी आणि रबरी, गाठी नसलेली, म्हणजे खवले निघत नाहीत. मासा ओळखायलाही तिचा उपयोग होतो: जाळीत पाण्यातच धरून लाल दिव्यात पाहायचा. त्याच नदीत सॅमनही असतात आणि नियम वेगळे असतात. वेल्समध्ये २०२० पासून पकडलेला प्रत्येक सॅमन परत सोडावा लागतो. सी ट्राउटचा वरचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जातो, शेपटीची कड जवळजवळ सरळ असते आणि शेपटीच्या मुळाशी धरलं तर मासा हातातून निसटतो. सॅमनची शेपटी आत वळलेली असते आणि तिथे पकड घट्ट बसते. मी १९ पैकी १७ सोडले, दोन ठेवले. किती ठेवता येतात, कोणत्या महिन्यात सगळेच सोडायचे, हे नदीगणिक बदलतं. परवाना काढताना वाचून घ्या.

दिवसाच्या वापराला हा रॉड मध्यम. पाऊस पडून नदी फुगली आणि ओसरताना पाणी चहाच्या रंगाचं झालं की दिवसाही मासे येतात. तेव्हा बारीक लीडर आणि १२ नंबरच्या लहान फ्लायसाठी ६ नंबरचा रॉड जास्त गोड वाटला असता. आणि डेन्मार्कसारख्या ठिकाणी जे उघड्या समुद्रकिनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सी ट्राउट धरतात, त्यांना वाऱ्यात लांब फेकायचं असतं. त्यांच्यासाठी हा रॉड नाही, तिथे थोडा कडक रॉडच हवा.

तक्रारी दोन. बुचाच्या मुठीत भरलेलं मिश्रण महिन्याभरात जागोजागी निघालं. ती दिसण्याची गोष्ट, सोडून दिली. दुसरी गंभीर आहे: रॉडच्या चार तुकड्यांपैकी टोकाकडचा सांधा फेकता फेकता सैल होतो. ऑगस्टमध्ये एका रात्री टोकाचा तुकडा सुटून लाइनवरून घसरत पाण्यात गेला. फ्लायमुळे अडकून राहिला म्हणून परत मिळाला. आता सांध्यावर मेणबत्तीचं मेण घासतो आणि अर्ध्या तासाने बोटाने चाचपतो, पुन्हा तसं झालं नाही. एवढ्या किमतीच्या रॉडचा सांधा आधीपासूनच घट्ट बसायला हवा होता, हे मी विक्रेत्यालाही कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

सध्या रॉड सुटा करून, पुसून, पूर्ण कोरडा झाल्यावर कापडी पिशवीत ठेवला आहे. दोन्ही लाइन कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन रीलवरून उतरवल्या आणि मोठ्या वेटोळ्यात खुंटीला टांगल्या आहेत, म्हणजे वसंतात त्यांत वळ राहणार नाहीत.