मूर्तीला बेस हवाय? इंदुरात मार्बलवाल्याकडून करून घ्या – माझा अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं मग. घरात शिल्प ठेवायला बेस हवा असेल तर ऑनलाइन मिळणारे तयार लाकडी चौकोन घेऊ नका, आपल्या इंदुरात ग्रॅनाइट-मार्बल कापणारी जी छोटी दुकानं आहेत ना, जिथे किचनचे ओटे आणि जिन्याच्या पायऱ्या होतात, तिथे मूर्ती उचलून घेऊन जा आणि समोर बसून करून घ्या. मी रिंग रोडच्या बाजूच्या अशाच एका दुकानातून करून घेतला आणि माझ्याकडून त्यांना पाचपैकी पाच.

आमच्याकडे बैतूलचा भरेवा कामाचा पितळी घोडेस्वार आहे, उंची १४ इंच. भरेवा कारागीर मातीच्या साच्यावर मेणाचे दोरे लावून नक्षी करतात, वर परत माती लिंपतात, मग भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ भरतं, म्हणून अंगभर ती दोऱ्यांची नक्षी दिसते, फार सुंदर काम. पण पाय बारीक आणि सगळं वजन वर स्वारात, त्यामुळे शोकेसवर नुसता ठेवला की मावशींचं फडकं लागलं तरी डुलायचा.

पहिल्यांदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘शीशम’ लिहिलेला बेस मागवला होता. आत निघालं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, हातात घेतला तर इतका हलका की घोड्यासकट कलंडेल, आणि पावसाळ्यात खालची कड फुगून आली. वजन हाच तर बेसचा पहिला गुण आहे, तोच नसेल तर बाकी दिसणं कशाला.

आता दुकानाबद्दल. मी फोनवर माप सांगायला लागले तर तिथले मिस्त्री म्हणाले, "दीदी, पेले मूर्ती लाओ, फिर पत्थर देखेंगे." तिथेच मला ते पटले. गेल्यावर त्यांनी घोडा कागदावर उभा करून चारही पायांभोवती पेन्सिल फिरवली, मग स्वाराच्या भाल्याच्या टोकापासून ओळंबा सोडला आणि दाखवलं की टोक पायांच्या बरंच पुढे पडतंय. म्हणजे बेस पायांच्या मापाचा नाही, या सावलीच्या मापाचा हवा. १० बाय ६ इंच ठरलं, आणि घोडा मध्यावर न ठेवता थोडा मागे, म्हणजे पुढे मोकळी जागा राहते आणि तो चालत असल्यासारखा वाटतो. असा विचार ओटे बसवणारा माणूस करतो हे मला फार आवडलं.

दगड निवडताना सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जाऊ द्यावा. माझ्या मनात पांढरा मकराना संगमरवर होता. त्यांनी विचारलं पितळ कशाने घासता, म्हटलं चिंच नाहीतर पीतांबरी, तर म्हणाले मग संगमरवर विसरा. आंबट थेंब पडला की संगमरवराची चकाकी तिथे कायमची जाते, कारण तो चुन्याचाच दगड, आणि पितळावर हिरवं चढलं की ते ओघळून पांढऱ्यात डाग धरतं. कोटा फरशीच्या दगडालाही आंबटाचा तोच त्रास. ग्रॅनाइटला चिंचेने काही होत नाही. म्हणून काळा ग्रॅनाइट. पण आरशासारखा पॉलिश नको, त्यात घोड्याचे पायच उलटे दिसत राहतात आणि इंदूरची धूळ तर विचारू नका. लेदर फिनिशचा, म्हणजे चामड्यासारखा खडबडीत ठेवलेला तुकडा नुसता बघताना छान वाटला, पण त्यावर मूर्ती ठेवली आणि दोन्ही खरखरीत, दोघं एकमेकांशी भांडायला लागले. शेवटी सपाट मॅट घासून घेतला आणि नक्षी एकदम उठून दिसली.

ही गोष्ट आपल्या गावात नवीन नाही बरं का. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ब्रांकुसी या प्रसिद्ध शिल्पकाराकडून त्याचे ‘आकाशातले पक्षी’ घेतले होते, एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा, त्यांच्यासाठी इंदुरात मंदिर बांधायचं ठरलं होतं आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुसी स्वतः इथे येऊन गेला. मंदिर झालंच नाही, संगमरवरी दोघं आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या म्युझियममध्ये आहेत. त्यांचे फोटो नीट बघा, वर गुळगुळीत संगमरवर आणि खाली साधा सँडस्टोन. ब्रांकुसी बेस शिल्पाइतकाच मनावर घ्यायचा. मला वाटतं घरातल्या छोट्या मूर्तीलाही तेवढा मान द्यायला हवा.

दुकानात सांगायच्या गोष्टी. स्लॅब साधारण १८ मिमीचा असतो, दोन चिकटवले तर बाजूने जोड दिसतो, म्हणून पडलेल्या कटपीसमधून जाड तुकडा शोधायला लावा, मला दीड इंची मिळाला, वजन साडेचार किलोच्या आसपास. कडेला ते सवयीने ओट्यासारखी गोलाई मारतात, तर आधीच सांगा सरळ धार आणि अगदी बारीक चेम्फर, म्हणजे कड जराशी तिरकी घासलेली. खाली चार रबरी पाय लावून घ्या, शोकेसला ओरखडे पडत नाहीत आणि उचलायला बोटं आत जातात.

एकच कमी, धातूचं काम ते करत नाहीत. पायांना भोक पाडून आटे पाडायला वेगळ्या लेथवाल्याकडे जावं लागलं, मग स्टेनलेसचे आटेवाले रॉड दगडातून खाली काढून नट कसला. लोखंडी रॉड घेऊ नका, ओल लागली की गंजून फुगतो आणि दगड तडकू शकतो. अराल्डाइटने कायमचं चिकटवू पण नका, नट सोडला की मूर्ती मोकळी झाली पाहिजे.

उंची मात्र घरीच ठरवा. रिकामी खोकी एकावर एक ठेवून सोफ्यावर बसून बघा, बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन-चार फुटांवर येतात, स्वाराचा चेहरा तिथे आला की बरोबर. म्युझियममध्ये ५ फुटांच्या आसपास ठेवतात पण तिथे लोक उभे असतात, आपण हॉलमध्ये बसलेलो असतो.

दगड, घासणं, भोकं मिळून ९०० रुपये लागले, लेथवाल्याचे वेगळे. कोणाकडे टेराकोटा असेल तर त्याला भोक मुळीच पाडू नका, याच लोकांकडून बेसमध्ये मूर्तीच्या तळाच्या मापाची ४-५ मिमीची खाच कोरून घ्या आणि आत फेल्ट (जाड लोकरी कापड) घाला, ते काम पण ते करतात.