पॉलिसीचा कागद खरा होता, विमा मात्र रद्द झालेला

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात ज्यांनी गाडीचा विमा ओळखीच्या माणसाच्या हातून काढून घेतलाय, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. मला कुणी बनावट पॉलिसी दिली नव्हती. कंपनी खरी, पॉलिसी नंबर खरा, कागदावरचा क्यूआर कोडही खरा. पण आठवड्याच्या आत ती पॉलिसी माझ्या नकळत रद्द करून तिचे पैसे दुसऱ्यानेच उचलले. पुढे कित्येक महिने आमची गाडी विम्याशिवाय हायवेवर पळत होती.

गाडी स्विफ्ट, चिकोडी आरटीओचं केए-२३ पासिंग. जुन्या कंपनीची नूतनीकरणाची नोटीस आली, आकडा जरा जास्त वाटला म्हणून चौकशी सुरू केली. एका वेबसाइटवर गाडीचा आणि मोबाईलचा नंबर टाकला आणि फोनचा नुसता पाऊस सुरू झाला. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा हजार-दीड हजाराने कमी सांगायचा. खोदून विचारलं की कळायचं, कुणी गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ऐंशी हजाराने खाली आणलीय, कुणी झिरो डेप, म्हणजे सुटे भाग बदलताना घसारा न कापता पैसे देणारं जादा संरक्षण, काढून टाकलंय. एकाने तर माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ३५ टक्क्यांचा असताना ५० टक्के लावून दाखवला. क्लेमच्या वेळी नवी कंपनी जुन्या कंपनीकडे बोनसची खातरजमा करते आणि खोटा बोनस लावला असेल तर क्लेम अडवते, हे मला माहीत होतं. त्याला तिथेच नमस्कार केला.

मग आला तो ओळखीतला. कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका परिचिताने त्याचा नंबर दिला. बोलायला गोड, घरी येऊन चहा घेऊन गेला. त्याचं म्हणणं असं, "साहेब, केए पासिंगला निपाणी-बेळगावातनं काढलं की कंपन्या रेट जास्त लावत्यात. मी कोल्हापूरच्या ब्रँचमधनं काढून देतो की. तीच कंपनी, तीच पॉलिसी, दोन हजार कमी."

आपल्या भागात हे वाक्य पटकन पटतं. पेट्रोल तिकडे एका भावाने, इकडे दुसऱ्या. रोड टॅक्स वेगळा, नोंदणीचा खर्च वेगळा. मग विमाही वेगळा असेल असं वाटतंच. तर हे नीट समजून घ्या. थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, दर केंद्र सरकार ठरवतं आणि तो सगळ्या देशात एकच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. मग ती निपाणीची असो, कागलची असो नाहीतर दिल्लीची. राहिला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. त्यासाठी देशाचे दोन झोन धरतात. बेंगळुरू, पुणे, मुंबई अशी मोठी शहरं अ झोनमध्ये आणि बाकी सगळा मुलूख ब झोनमध्ये. झोन बघतात तो गाडीची नोंदणी कुठली त्यावरून, पॉलिसी कुठल्या शाखेत काढली त्यावरून नव्हे. निपाणी ब झोनमध्ये आणि कोल्हापूरही ब झोनमध्येच. तेव्हा 'कोल्हापूरचा रेट' असा काही रेट नाही.

पैसे त्याने स्वतःच्या यूपीआयवर मागवले. "लिंक पाठवली की तुमच्याकडनं ओटीपी, कार्ड, सगळी भानगड. मी भरतो, तुम्ही मला द्या." त्याच संध्याकाळी पॉलिसीचं पीडीएफ व्हॉट्सॲपवर आलं. परिवहनच्या ॲपवर त्याने स्वतः दाखवलं, विम्याची मुदत पुढच्या वर्षापर्यंत. त्या संध्याकाळी ते खरंच होतं. कागदाची प्रिंट काढून गाडीच्या कप्प्यात ठेवली.

गोष्ट बाहेर आली ती गाडी विकायला काढल्यावर. गडहिंग्लजचे एक गुरुजी गाडी बघायला आले, किंमत जमली. गाडी महाराष्ट्रात जाणार म्हणजे चिकोडी आरटीओची एनओसी लागणार, त्यासाठी फॉर्म २८, आणि सोबत चालू विमा. शिवाय नो क्लेम बोनस हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीला लावता येतं. ते पत्र कसं मिळतं आणि विक्रीनंतर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत येतात का, एवढं विचारायला मी कंपनीच्या बेळगावच्या शाखेत गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी पॉलिसी नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. म्हणाल्या, "सर, ही तर कधीच कॅन्सल झाली आहे. रिफंड पण गेलाय."

मी म्हटलं, दुसरीच कुणाची दिसत असेल. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. नाव माझं, गाडीचा नंबर माझा, चेसिस नंबर माझा. मोबाईल नंबर मात्र माझा नव्हता. ईमेलमध्ये माझं नाव आणि पुढे दोन आकडे होते, असा ईमेल मी कधी काढलेलाच नाही. छापील पॉलिसीवर मोबाईलचे मधले आकडे फुल्या मारून झाकलेले असतात, त्यामुळे कागद हातात घेऊनही हे दिसत नाही. मध्यस्थाच्या रकान्यात लिहिलं होतं 'डायरेक्ट'. म्हणजे तो एजंट नव्हताच. कंपनीच्या वेबसाइटवर माझं नाव घालून, संपर्काला स्वतःचा नंबर देऊन, स्वतःच्या कार्डाने त्याने पॉलिसी विकत घेतली होती. कंपनीच्या लेखी तो आणि मी एकच माणूस.

आता रद्द करायचं कारण बघा. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा असल्यामुळे गाडी रस्त्यावर असताना तो उगाच रद्द करता येत नाही. गाडी विकली गेली, भंगारात गेली किंवा त्याच गाडीचा दुसरा विमा हजर केला, तरच होतो. त्याने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी जोडली होती. ती फाइल मी त्या काउंटरवर उभ्या उभ्या वाचली. गाडीचा नंबर माझाच. खाली इंजिनची क्षमता ११० सीसी. थर्ड पार्टीचा हप्ता ७१४ रुपये. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा दर आहे तो. स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसी. स्कूटरचा विमा दाखवून कारचा विमा रद्द झाला आणि कंपनीत एकाही माणसाने तो आकडा वाचला नाही. मला चीड येते ती इथे.

जून २०२४ पासून नियम ग्राहकाच्या सोयीचे झालेत. थर्ड पार्टीची वर सांगितलेली अट सोडली, तर वर्षभराची पॉलिसी ग्राहक कारण न देता रद्द करू शकतो आणि क्लेम घेतला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत मिळतात. पूर्वी कंपन्या लवकर रद्द केल्यास बरीच कापाकापी करायच्या. नियम चांगलाच आहे. पण ज्याच्या कार्डातून पैसे भरले त्याच्याच खात्यात ते परत गेले. आठवडाही न झाल्यामुळे जवळजवळ सगळी रक्कम त्याला मिळाली. माझ्याकडून घेतलेली रक्कम त्याच्याकडे, कंपनीचा रिफंडही त्याच्याकडे, आणि खर्च काय तर स्कूटरच्या विम्याचे सातशे-आठशे.

या सगळ्या काळात माझी मुलगी हीच गाडी घेऊन निपाणीहून बेळगावला जात होती. तवंदीचा घाट ज्यांनी पावसात उतरलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. रस्त्यात पोलिसांनी धरलं असतं तर पहिल्या वेळेचा दंड दोन हजार, ते एकवेळ सोसलं असतं. पण मोटारसायकलवरचा एखादा माणूस गाडीखाली आला असता तर त्याच्या घरच्यांना न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती आमच्या घरादारावर आली असती. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला थर्ड पार्टीत वरची मर्यादाच नसते. आणि त्या बिचाऱ्यांना आमच्याकडून किती आणि कधी मिळाले असते? रात्री झोप लागत नाही ती या विचाराने.

त्या माणसाला तिथूनच फोन लावला. "कंपनीची टेक्निकल चूक असंल, उद्या बघतो," एवढं बोलला. नंतर फोन बंद. परिचिताने हात वर केले.

पोलिसांत काय झालं तेही सांगतो, कारण सीमेवर राहणाऱ्यांची इथे हमखास ओढाताण होते. एका ठाण्यात म्हणाले, माणूस कोल्हापूरचा, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे निपाणीतून गेले, तुमच्या ठाण्यात द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हे कलम अर्जात लिहून दिलं तेव्हा अर्ज घेतला. फसवणुकीचं कलम न्याय संहितेतलं ३१८. यूपीआयने पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर लगेच कळवायचं, तो दोन्ही राज्यांत चालतो. पण पैसे जाऊन महिने उलटल्यावर ते गोठवता येतील याची आशा धरू नये.

कंपनीकडे लेखी तक्रार दिली ती तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने, पोच घेऊन. सोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद केली. फोनवरून करायची असेल तर १५५२५५. कंपनीचं उत्तर आलं की रद्द केल्याची सूचना नोंदणीकृत मोबाईल आणि ईमेलवर पाठवली होती. पाठवली असेल. ती त्यालाच मिळाली, मला नाही. २०१२ मधल्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की चेक न वटल्यामुळे कंपनीने पॉलिसी रद्द केली, पण अपघाताआधी मालकाला तसं कळवलेलं नसेल, तर अपघातग्रस्ताला भरपाई कंपनीनेच द्यायची. माझं प्रकरण चेकचं नाही. पण मालकाला कळवणं याला न्यायालय किती महत्त्व देतं ते दाखवायला मी तो मुद्दा घातला, आणि ११० सीसीचा कागद ठळक करून जोडला.

कंपनीचं उत्तर पटलं नाही किंवा महिन्यात आलंच नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. तुमच्या राहत्या पत्त्याचा लोकपाल किंवा कंपनीच्या शाखेच्या जागेचा, दोन्हीपैकी कुठेही जाता येतं. म्हणजे निपाणीच्या माणसाला बेंगळुरूही चालतं, आणि तक्रार कोल्हापूरच्या शाखेविरुद्ध असेल तर पुणेही. माझी तक्रार बेळगावच्या शाखेवरची, म्हणून बेंगळुरूलाच पाठवली.

दरम्यान नवा विमा काढावा लागला. आधीची पॉलिसी खंडित धरल्यामुळे गाडीची तपासणी करून घ्यावी लागली, आणि मुदत संपून ९० दिवस उलटल्याने नो क्लेम बोनस शून्यावर आला. इतकी वर्षं एकही क्लेम न घेता साठवलेला बोनस तो. यावेळी माझ्याच मोबाईलवरून, माझ्याच खात्यातून पैसे भरले, आणि दोन आठवडे जाऊ देऊन कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून पॉलिसी चालू आहे ना, नोंदणीत कुठला नंबर आहे, हे विचारून घेतलं. गुरुजी थांबले, त्यांचे उपकार. आता एनओसीचे कागद चिकोडीला दिलेत.

ज्यांनी पैसे कंपनीला न देता माणसाला दिलेत, ज्यांना पॉलिसी निघाल्यावर कंपनीकडून स्वतःच्या मोबाईलवर एकही मेसेज आलेला नाही, किंवा ज्यांच्या पॉलिसीवर मध्यस्थाच्या जागी 'डायरेक्ट' छापलंय आणि तरी मध्ये एक माणूस होता, त्यांनी आजच पॉलिसी नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या नंबरला फोन करावा. कागदावर पेनने लिहिलेला किंवा त्या माणसाने दिलेला हेल्पलाइन नंबर वापरू नये. आणि रद्द झालेली निघाली, तर रद्द करताना जोडलेला कागद कंपनीकडून लेखी मागून घ्या. माझ्या सगळ्या तक्रारीत तेवढा एकच पुरावा असा आहे की ज्याला कंपनीने अजून उत्तर दिलेलं नाही.